सौरडाग, लॉटरीचे आकडे आणि झुलता घोडा : व्यापारचक्राच्या पहिल्या गणितांची गोष्ट

तेजीनंतर मंदी का येते, आणि ती पुन्हापुन्हा का येते? या प्रश्नाला गणिताच्या आधाराने दिलेले पहिले गाजलेले उत्तर होते : सूर्यामुळे. आज हे वाचून हसू येते. पण उत्तर देणारे गृहस्थ त्या काळातील पहिल्या प्रतीचे अर्थशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या युक्तिवादाची साखळी थेट हिंदुस्थानातील रयतेच्या शेतातून जात होती. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मांडणाऱ्या पहिल्या तिघांपैकी एक. त्यांच्या आधी, १८६२ मध्ये, क्लेमां झ्युग्लार या फ्रेंच वैद्याने व्यापारी संकटांच्या पुनरागमनावर एक ग्रंथ लिहिला होता. तोवर प्रत्येक संकट हा एक स्वतंत्र अपघात समजला जाई : कुठे युद्ध, कुठे सट्टा, कुठे एखादी बुडालेली पेढी. झ्युग्लार यांनी फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका या तीन देशांतील बँकांचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले की ही संकटे ठरावीक अंतराने परत येतात. वैद्याला तापाची पाळी ओळखता येते, तशीच ही नजर. मात्र पाळी का येते, याचे गणित त्यांनी मांडले नाही.

जेव्हन्स यांनी ते मांडायचे ठरवले. सूर्यावरील डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते, हे खगोलशास्त्रज्ञांनी तेव्हा नुकतेच प्रस्थापित केले होते. १८७५ मध्ये ब्रिस्टल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात जेव्हन्स यांनी मध्ययुगीन इंग्लंडमधील धान्याच्या किमती घेऊन त्यांत ११.१ वर्षांचे आवर्तन दिसते असा निबंध वाचला. पुढे मात्र त्यांनी तो छापण्यापासून मागे घेतला. कारण त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्याच आकड्यांतून तीन, पाच, सात किंवा नऊ वर्षांची आवर्तनेही तितक्याच सहजतेने निघत होती!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची साठ वर्षे या विषयाचा पाठलाग करणारी अडचण त्यात आहे.

१८७८ मध्ये जेव्हन्स परत आले, या वेळी थेट व्यापारी संकटांची यादी घेऊन. १७२१ पासून १८७८ पर्यंत १५७ वर्षे आणि त्यांत पंधरा अंतरे, भागाकार १०.४६६ वर्षे. त्याच सुमारास जॉन ॲलन ब्राउन या शास्त्रज्ञाने सौरडागांचे आवर्तन अकरा नव्हे, १०.४५ वर्षांचे असल्याचे म्हटले होते. (हे ब्राउन म्हणजे त्रावणकोर संस्थानच्या त्रिवेंद्रम वेधशाळेचे पूर्वीचे संचालक.) दोन आकडे एकमेकांना इतके चिकटून आल्यावर जेव्हन्स यांना योगायोग मानवेना. पण ती यादी नीट पाहिली तर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही संकटांचा पुरावा अगदी तोकडा आहे. दहा वर्षांची जागा रिकामी दिसली म्हणून तिथे संकट शोधले गेले, असा संशय येतो. आणि ज्या मालिकेतील अर्धी वर्षे एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे सरकवता येतात, तिची सरासरी दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत काढणे हा स्वतःला फसवण्याचा जुना मार्ग आहे.

आता साखळी पाहा. सूर्याची उष्णता कमीजास्त झाली की उष्ण कटिबंधातील पीक कमीजास्त होते. हिंदुस्थानात धान्य स्वस्त झाले की रयतेच्या हाती चार पैसे उरतात. ते पैसे मँचेस्टरच्या कापडावर खर्च होतात. गिरण्या जोरात चालतात, पतपुरवठा फुगतो, आणि पावसाने पाठ फिरवली की हीच साखळी उलटी फिरते. पुराव्यासाठी जेव्हन्स यांनी दिल्लीच्या जुन्या धान्यभावांचे आकडेही वापरले.

हे सारे लिहिले जात होते तेव्हा दख्खनमध्ये काय चालले होते? १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ. १८७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकीप्रमुख विल्यम हंटर यांनी सौरडाग व दुष्काळ यांचा संबंध जोडणारा संयुक्त लेख प्रसिद्ध केला. दुष्काळाचे मूळ सूर्यावर असेल, तर साराआकारणीबद्दल आणि धान्याच्या निर्यातीबद्दल कलेक्टर कचेरीत जाब विचारण्याचे कारण उरत नाही. लॉकयर किंवा जेव्हन्स यांचा हेतू असा होता, असे मी म्हणत नाही. त्यांची जिज्ञासा खरी होती. पण त्याच काळात पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून दुष्काळाचे अहवाल सरकारला धाडत होती आणि त्या अहवालांत प्रश्न सारा, मजुरी व धान्यभाव यांचे होते. एकाच आपत्तीकडे पाहणाऱ्या या दोन रीती, आणि दोन्हींचा भर आकड्यांवरच.

आणखी एक गोष्ट. जेव्हन्स यांच्या यादीत १८६६ हे संकटवर्ष आहे, लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली ते. मुंबईत मात्र हाहाकार वर्षभर आधीच झाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, प्रेमचंद रायचंद यांच्या काळातील तो प्रसिद्ध शेअरबाजारी उन्माद उसळला आणि एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ च्या देणीपूर्तीच्या दिवशी अर्धी मुंबई दिवाळखोर ठरली म्हणतात ती याचमुळे. या धक्क्याचा सूर्याशी काही संबंध नव्हता. पण युद्ध संपले म्हणून परिणाम संपले नाहीत. तेजीच्या वर्षांत सैल झालेली सावकारी पत आखडली, कर्जे थकली, त्यात साऱ्याची फेरआकारणी आली, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. दख्खनच्या दंग्यांच्या कारणांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. कापसाचा भाव हे त्यांतील एकच कारण. तरीही एक बाहेरचा धक्का आणि त्याचा व्यवस्थेच्या आत वर्षानुवर्षे होणारा प्रवास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे उघड दिसते. गणिताच्या भाषेत हा भेद मांडायला १९३३ साल उजाडावे लागले.

मधल्या काळाबद्दल फार सांगत नाही. १८८२ मध्ये जेव्हन्स समुद्रात पोहताना बुडून वारले. सौरडागांचे आवर्तन पुन्हा अकरा वर्षांच्या आसपास स्थिरावले आणि १०.४५ चा मेळ विस्कटला. अमेरिकेत हेन्री लडवेल मूर यांनी १९१४ मध्ये ओहायो खोऱ्यातील पावसाची आठ वर्षांची आवर्तने शोधली. पुढे १९२३ मध्ये त्यांनी या आवर्तनांचे मूळ शुक्र ग्रहाच्या भ्रमणात पाहिले. म्हणजे सूर्यावरून शुक्रावर! मूर यांचे सांख्यिकी कौशल्य जेव्हन्स यांच्यापेक्षा पुष्कळ पुढचे होते. मुक्कामाचे ठिकाण मात्र तेच, आकाश. दोघांचीही मूळ धारणा एक होती : परिणामात ताल दिसतो, तर कारणातही ताल असलाच पाहिजे.

ही धारणा मोडली ती मॉस्कोत, १९२७ मध्ये.

येवगेनी स्लुत्स्की हे कीव्हचे. विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्यामुळे विद्यापीठातून काढून टाकलेले. १९२० च्या दशकात ते निकोलाय कोंद्रात्येव्ह यांच्या संस्थेत दाखल झाले. बाजाराच्या चढउतारांचा अभ्यास हेच त्या संस्थेचे काम. तिथे त्यांनी एक विलक्षण साधा प्रयोग केला. सरकारी लॉटरीच्या सोडतीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले. या अंकांत कसलाही क्रम असण्याचे कारण नाही. मग त्यांनी सलग दहा अंकांची बेरीज केली, पुढे एक पाऊल सरकून, पहिला अंक सोडून व अकरावा घेऊन पुन्हा बेरीज, असेच पुढे. या बेरजांचा आलेख काढला तर त्यात चढ, शिखर, उतार, तळ अशा लाटा दिसू लागल्या. तो आलेख त्यांनी १८५५ ते १८७७ या काळातील इंग्लंडच्या व्यापारचक्राच्या निर्देशांकाशेजारी ठेवला. साम्य पाहून आजही दचकायला होते.

यात जादू नाही. घरी फासा टाकून पाहा. सलग दहा दानांच्या बेरजेची सरासरी पस्तीस. पण शेजारच्या दोन बेरजांत नऊ दाने सामाईक असतात, म्हणून त्यांच्यातील फरक जास्तीत जास्त पाचाचा. बेरीज एकदम उडी मारू शकत नाही. ती हळूहळू चढते, हळूहळू उतरते. लाट तयार होते ती आठवणीमुळे : आजच्या बेरजेला मागच्या नऊ दानांची आठवण असते. अर्थव्यवस्थेलाही अशी आठवण असते. गेल्या वर्षीची कर्जे, गोदामात पडून असलेला माल, अर्धवट बांधलेले कारखाने. तालबद्ध कारण नसतानाही तालाचा भास व्हावा, याला एवढे पुरते.

प्रयोगाची दुसरी बाजू अधिक बोचरी होती. आकडे गुळगुळीत करण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ सर्रास सरकती सरासरी वापरत, आणि सरकती सरासरी म्हणजे सरकती बेरीजच! मग दिसणारी लाट आकड्यांतील की सरासरीने निर्माण केलेली? खुद्द कोंद्रात्येव्ह यांनी आपल्या प्रसिद्ध पन्नास वर्षांच्या दीर्घ लाटा दाखवताना नऊ वर्षांची सरकती सरासरी घेतली होती. संस्थेच्या संचालकाच्या सिद्धांतावर संस्थेच्याच नियतकालिकात असा प्रश्नचिन्ह उमटवणारा निबंध छापून यावा, हे त्या संस्थेच्या मोकळेपणाचे लक्षण. तो मोकळेपणा टिकला नाही. १९२८ मध्ये कोंद्रात्येव्ह यांना पदावरून दूर केले गेले, १९३० मध्ये अटक झाली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. स्लुत्स्की अर्थशास्त्र सोडून हवामानशास्त्र आणि शुद्ध संभाव्यताशास्त्राकडे वळले व वाचले. त्यांचा निबंध इंग्रजीत पूर्ण स्वरूपात आला १९३७ मध्ये.

योगायोग असा की त्याच १९२७ साली केंब्रिजचे संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी खुद्द सौरडागांच्या आकड्यांना हात घातला. त्यांनी एक गमतीचे चित्र उभे केले : खोलीत एक लंबक शांतपणे झुलतो आहे आणि काही पोरे त्याच्यावर वाटाणे मारताहेत, कधी या बाजूने, कधी त्या. लंबक झुलतच राहतो, पण त्याचा झोका आणि कालावधी दोन्ही अनियमित होतात. सौरडाग असेच वागतात, असे यूल यांचे म्हणणे, आणि त्यासाठी त्यांनी आजचा आकडा मागच्या दोन आकड्यांवरून काढणारे समीकरण दिले. जेव्हन्स यांनी ज्या घड्याळावर अर्थव्यवस्था टांगली होती, ते घड्याळच वाटाण्यांच्या माऱ्यात चाललेले निघाले.

आता रॅग्नार फ्रिश. ऑस्लोच्या सोनारी परंपरेतील घराण्यात जन्म. त्यांनी सोनारकामाची रीतसर उमेदवारीही पुरी केली होती. १९३३ मध्ये स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कासेल यांच्या गौरवग्रंथात फ्रिश यांचा निबंध आला आणि दोन प्रश्न कायमचे वेगळे झाले. धक्का कुठून येतो? आणि धक्का बसल्यावर व्यवस्था कशी हलते? फ्रिश यांनी दृष्टान्त घेतला क्नुट विक्सेल यांचा : लाकडी झुलत्या घोड्याला काठीने कसेही मारा, घोडा झुलेल तो आपल्याच तालात. फटक्यांना ताल नसतो, झुलण्याला असतो. त्यांच्या समीकरणांतून मुख्य आवर्तन निघाले ८.५७ वर्षांचे आणि दुय्यम ३.५० वर्षांचे. धक्के थांबले तर दोन्ही विरत जातात. धक्के चालू राहिले तर चक्र जिवंत राहते.

दख्खनकडे पुन्हा पाहा. अमेरिकन युद्ध ही काठी. सावकारी पत, खते आणि साराआकारणी हा घोडा.

घोड्याला ताल येतो कुठून? याचे सर्वांत सोपे उत्तर जान टिनबर्गन यांनी जहाजांच्या उदाहरणाने १९३१ मध्येच दिले होते. टिनबर्गन मूळचे पदार्थवैज्ञानिक, पॉल एहरेनफेस्ट यांचे विद्यार्थी. मालवाहतुकीचे दर चढले की जहाजमालक नव्या जहाजांची मागणी नोंदवतात. जहाज बांधून व्हायला वेळ लागतो. तोवर दर चढेच असतात, म्हणून आणखी मागण्या. मग सारी जहाजे एकदम पाण्यात उतरतात आणि दर कोसळतात. मागणी आणि पुरवठा यांतील विलंब एवढ्या एकाच गोष्टीतून सुमारे आठ वर्षांचे चक्र निघते.

हाच विलंब संपूर्ण अर्थव्यवस्थेला लावला मिखाल कालेत्स्की यांनी. वडिलांचा धंदा बुडाल्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला हा पोलिश तरुण अर्थशास्त्र स्वतःच शिकला होता. १९३३ मध्ये पोलिशमध्ये त्यांची पुस्तिका आली आणि त्याच वर्षी लायडन येथे इकॉनोमेट्रिक सोसायटीच्या बैठकीत त्यांनी प्रतिमान मांडले. नफा चांगला असला की कारखानदार यंत्रांची मागणी नोंदवतात. यंत्रे तयार होत असताना त्या खर्चामुळेच नफा वाढतो. यंत्रे प्रत्यक्ष येऊन बसली की तोच नफा अधिक भांडवलावर वाटला जातो, उत्साह ओसरतो आणि मागण्या आटतात. विलंब सरासरी ०.६ वर्षांचा धरून चक्र निघाले दहा वर्षांचे.

फ्रिश यांनी यातील एका जागेवर बोट ठेवले. कालेत्स्की यांनी आपले स्थिरांक असे निवडले होते की आंदोलन विरणारही नाही आणि बेफाम वाढणारही नाही. चक्रे प्रत्यक्षात चालूच राहतात, म्हणून समीकरणानेही तसेच वागावे, ही त्यांची भूमिका. फ्रिश आणि हाराल्ड होल्मे यांनी १९३५ मध्ये दाखवले की इतका नाजूक तोल केवळ योगायोगानेच साधू शकतो. स्थिरांक किंचित हलला तरी चक्र बदलते.

गणिताच्या दृष्टीने फ्रिश यांचेच म्हणणे रास्त होते, असे मला वाटते. पण वाद केवळ गणिताचा नव्हता. १९३२ च्या आरंभी एकट्या जर्मनीत साठ लाखांवर लोक बेकार होते. घोडा मुळात शांत उभा राहणारा असेल, तर दोष काठीचा, म्हणजे बाहेरच्या अपघातांचा. घोडा आपणहून झुलत असेल, तर मंदी ही भांडवलशाहीच्या पोटातून येणारी गोष्ट ठरते. कालेत्स्की समाजवादी होते आणि त्यांच्या समीकरणात मंदीला बाहेरून कोणी आणावे लागत नव्हते. (पुढे १९५४ च्या ग्रंथात त्यांनी स्वतःच अनियमित धक्क्यांना जागा दिली, हेही नोंदवायला हवे.)

१९३९ मध्ये टिनबर्गन यांनी राष्ट्रसंघासाठी अमेरिकेचे समीकरणांचे भलेमोठे प्रतिमान सिद्ध केले आणि केन्स यांनी त्यांच्या पद्धतीवर जळजळीत परीक्षण लिहिले. तो वाद एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल १९६९ मध्ये फ्रिश आणि टिनबर्गन यांना मिळाले. कालेत्स्की यांना ते कधीच मिळाले नाही. १९५९-६० मध्ये ते भारतात येऊन तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीसंबंधी सल्ला देऊन गेले, हे आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाही.

आणि फ्रिश यांचा घोडा? तो पाठ्यपुस्तकांतून सत्तर वर्षे झुलत राहिला. २००७ मध्ये इटालियन अर्थशास्त्रज्ञ स्तेफानो झांबेल्ली यांनी फ्रिश यांचीच समीकरणे, फ्रिश यांनीच दिलेले आकडे घालून संगणकावर चालवून पाहिलेला निकाल प्रसिद्ध केला. फ्रिश यांनी प्रत्येक आवर्तन सुटे करून दाखवले होते. सारे घटक एकत्र करून पूर्ण उत्तर काढले, तर धक्का बसलेली अर्थव्यवस्था झुलतच नाही, ती जवळजवळ सरळ आपल्या जागी परत येते. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटले आहे की हा झुलता घोडा कधी झुललाच नाही.